निळ्या स्क्रूचा लेझर

११ एप्रिल, शनिवार
वही घेतली. लोरेटाताई फोनवर म्हणाली, लॉनी, तुझ्या डोक्यात सकाळी असतं ते संध्याकाळी नसतं, लिहीत जा. ताई केंटकीत, मी टेक्सासात. मध्ये हजार मैल. म्हणजे वही तिच्या हाती लागायची भीती नाही.
आज बंदुकांच्या बाजारात बूट घ्यायला गेलो. लेझर घेऊन आलो. रायफलवर बसवायचा. साबणाच्या वडीएवढा, पण वजनदार. ह्याचा उजेड उघड्या डोळ्याला दिसत नाही, अंधारात बघायची दुर्बीण लावली तरच दिसतो. दाढीला वेणी घातलेला विक्रेता म्हणाला, साध्या माणसाला दुकानात जो लेझर मिळतो तो काजवा, कायदाच तसा आहे. हा फौजेतला आहे, पावती मागू नकोस. मी कशाला मागतो?
दुर्बीण माझ्याकडे नाही. ती नंतर. आधी लगाम, मग घोडा.
डब्यात एक कागद होता, वर पिवळा त्रिकोण. वाचला नाही. अक्षर फार बारीक. नववीत शाळा सोडली तेव्हाच बारीक अक्षर सोडलं.
निश्चय: १) ट्रकच्या परवान्याचं पुस्तक, रोज चार पानं. २) परवान्यासाठीची ११ जूनची डॉक्टरी तपासणी पास. ३) मक्यातला मोठा रानडुक्कर मारायचा. मी एकट्याने.

१२ एप्रिल, रविवार
बटण दाबलं. काही नाही. कान लावला. काही नाही. मग काचेत डोळा घालून पाहिलं. उजवा डोळा नेमाचा, तो जपायला हवा, म्हणून डावा लावला. असं प्रत्येक बाबतीत डोकं वापरावं लागतं.
काही दिसलं नाही. बॅटरी मेलेली असणार.
पुस्तकाची पानं: शून्य. रविवार होता.

१४ एप्रिल
नवी बॅटरी घातली. तरी नाही. नीट पाहिलं तर खटका पूर्ण फिरतच नाही, मध्ये एक निळा स्क्रू आडवा. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून औषधाच्या बाटलीला झाकण असतं ना, तसली भानगड. काढून टाकला. खटका शेवटपर्यंत गेला.
पुन्हा डावा डोळा. या वेळी चांगला वेळ पाहिलं, मनात वीसपर्यंत मोजलं. राखेत निखारा असावा तसं काहीतरी मंद लाल वाटलं, मग तेही नाही. फसवलं लेकाच्याने.
उसेबियोला सांगितलं नाही. उसेबियो ट्रेव्हिनो इथला जुना गडी, चाळीस वर्षं या शेतावर. त्याला काही सांगितलं की सकाळी गुरांनासुद्धा माहीत असतं.

१८ एप्रिल, शनिवार
उसेबियोला सांगितलं. पण गोष्ट फिरवून. विचारलं, न दिसणारा उजेड चालू आहे हे कसं कळतं? तो म्हणाला, टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धर, जांभळा ठिपका दिसेल. का रे पोरा, रिमोट बिघडला? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, तुझ्याकडे टीव्हीच नाही.
ट्रेलरमध्ये, म्हणजे माझ्या चाकांवरच्या घरात, येऊन कॅमेरा धरला. अहाहा! ठिपका कसला, मोबाईलचा अख्खा पडदा पांढरा झाला! म्हणजे लेझर ठणठणीत आहे. पहिल्या दिवसापासून चालूच होता. उगाच त्या दाढीवाल्याला शिव्या घातल्या.
आनंदात ताईला फोन केला. सांगून टाकलं, चार जुलैला मी ट्रक घेऊन येतो. टेकडीखाली वळणावर भोंगा वाजवीन, तीनदा. ती म्हणाली, खुर्ची बाहेर काढून बसते.

२६ एप्रिल
ज्या सरकारी बाबूने हे परवान्याचं पुस्तक छापलं त्याला उलटं टांगावं. रात्री उजव्या कुशीवर, उशीत तोंड खुपसून वाचतो तर ओळीचा मधला शब्द खाल्लेला. पुढच्या शब्दाकडे गेलं की तोही खाल्लेला. उठून बसलं की सगळं जागेवर. स्वस्तातला कागद, आडवा धरला की शाई उडते.
सध्या वाचन बंद. दोष माझा नाही.

३ मे, रविवार
गावातल्या बेकरीत गेलो, कोलाची घ्यायला, जर्दाळू भरलेला गोड पाव. गल्ल्यावरची मुलगी हसली. मी उजवा डोळा मिचकावला. तिचं नाक नाहीसं झालं. डोळा उघडला, नाक परत. पुन्हा मिचकावला, पुन्हा गेलं. असं चार-पाचदा झालं. मागून म्हातारी म्हणाली, अहो, पोराला फिट येतेय, पाणी द्या कुणीतरी.
निश्चय: बायकांना डोळा मारणं सोडणे. सवयच वाईट.
ट्रेलरच्या आरशावर डाग आहे. तीनदा पुसला.

९ मे, शनिवार. रात्री साडेअकरा
घात झाला.
मालकीण व्हर्ना डुसेकबाई. वय एकसष्ट, नवरा गेल्यापासून डुकरं स्वतः मारते. तिच्याकडे अंधारातली दुर्बीण आहे, आणि कायद्यातला काजव्याएवढा लेझर. तिचा नियम असा की तिला दाखवल्याशिवाय शेतावर कुणी लेझर लावायचा नाही. मी दाखवला नव्हता. तिला चकित करायचं होतं.
झाली चकित. आज ती दुर्बीण लावून मक्याकडे निघाली, तर माझ्या खिडकीतून दोरखंडासारखी उजेडाची रेघ अंगणभर. गोठ्यावरून, पाण्याच्या टाकीवरून, पेनी कुत्रीच्या कानाला चाटून. लेझर खिडकीत ठेवला होता, बटण दाबलेलं राहिलं. मला कसं दिसणार?
दार लाथेने उघडलं. बाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. म्हणाली, लॉनी, याचा स्क्रू कुठाय? मी खिशातून काढून दिला. म्हणाली, चाळीस वर्षांत माझ्या शेतावर कुणाचं बोट गेलं नाही, आणि तू बसल्या जागी माझ्या कुत्रीचे डोळे घालवत होतास. मग जवळ येऊन म्हणाली, खरं सांग, यात पाहिलंस का?
मी म्हटलं, मी काय वेडा आहे?
ती म्हणाली, ते मी विचारलंच नाही.
लेझर घेऊन गेली. डबा, कागद, सगळं. म्हणाली, डोळा दाखवायचा असेल तर सोमवारी मी नेते, पगार कापणार नाही. मी म्हटलं, गरज नाही. तिचा भाऊ ॲल्विन याचे सात ट्रक आहेत, परवाना मिळाला की आठवा मला चालवायला देणार आहे. डोळ्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली तर आठवा ट्रक मला कोण देईल?

१२ मे
पेनीचे डोळे पाहिले. ठणठणीत. चेंडू टाकला, पकडला. म्हणजे लेझर काही एवढा वाईट नाही.

२० मे
डाव्या डोळ्यात धूळ गेली आहे. मका उंच झाला की धूळ होतेच. चहाच्या पाण्याने धुतो. गाजरं खातो. उसेबियो म्हणाला, ससा तरी कुठे थांबतो, तू तर ढीगच संपवलास.
आज कॉफी कपाच्या शेजारी ओतली. कप हलला असावा.

३० मे, शनिवार
अकरा तारखेला प्रत्येक डोळा वेगळा तपासतात, पुस्तकातच लिहिलंय. (वाचन पुन्हा सुरू. बसून.)
युक्ती सापडली. मोबाईलवर डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता मिळाला, सगळीकडे म्हणे एकच असतो. पाठ करायला घेतला. शाळेत कविता पाठ झाली नाही, हा दोन तासांत झाला. मास्तर असते तर रडले असते.
उसेबियोने माझ्याकडून म्हणवून घेतला. ओळ संपल्यावर म्हणाला, गड्या, इतकी मेहनत करतोयस, त्यापेक्षा डोळ्याने का नाही बघत? मी म्हटलं, धूळ. तो टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, माझ्या भावाने उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग बघितलं होतं, तोही धूळच म्हणायचा.
म्हाताऱ्यांना रडगाणी फार.

१० जून
सगळी तयारी झाली. ताईचा फोन. खुर्चीला रंग दिलाय म्हणे. हिरवा.
आठव्या ओळीपर्यंत तक्ता पाठ आहे, उलटाही येतो. बूट पुसले. उद्यापासून मी ट्रकवाला.

११ जून, गुरुवार
तपासणीला डॉक्टर नव्हती आधी, नर्स होती. वजन, रक्तदाब, कान. सगळं उत्तम. मग डोळे. डावा झाकला, उजव्याने समोरच्या भिंतीवरची अक्षरं घडाघडा वाचली, पार खालची ओळ. म्हणाली, वा! मग म्हणाली, आता उजवा झाकून दाराकडे वळा, दारावरचं वाचा.
दारावर पांढरा कागद होता, एवढं नक्की. मी छाती काढून सुरुवात केली. सगळ्या आठ ओळी म्हटल्या. न थांबता. एकही चूक नाही.
नर्स खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, बाळा, दारावरच्या तक्त्यात अक्षरं नाहीत, आकडे आहेत.
मग डॉक्टरीण आली, डोळ्यात थेंब घातले, उजेड टाकून पाहिलं. म्हणाली, मधोमध भाजलंय, टाचणीच्या डोक्याएवढं. दुखलं नाही ना? मी म्हटलं, अजिबात नाही. म्हणाली, तिथे दुखतच नाही, म्हणून तर माणूस थांबत नाही. हा डाग जायचा नाही. एका डोळ्यावर ट्रक मिळायचा वेगळा रस्ता आहे, पण लांबचा, आणि कागद पुष्कळ.
विचारलं, कशाने झालं? वेल्डिंग म्हणायला तोंड उघडलं. पण दारात व्हर्नाबाई उभी होती. तीच घेऊन आली होती गाडीतून. माझ्याकडे बघत होती, आणि मी उजवा झाकून डाव्याने तिच्याकडे पाहिलं, तर तिला चेहरा नव्हता.
खरं सांगितलं. दोन्ही वेळचं. वीसपर्यंत मोजल्याचंसुद्धा.

१३ जून, शनिवार
ताईला सांगितलं. म्हटलं, भोंगा नाही, बसने येतो. ती म्हणाली, बस खाली वळणावर थांबते ना? खुर्ची तिथे आणते.
व्हर्नाबाईने काढून टाकलं नाही. डुकरांच्या कुंपणाचं काम दिलंय, दिवसाउजेडी. संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलावलं, टेबलावर कोलाची ठेवली आणि डब्यातला तो पिवळ्या त्रिकोणाचा कागद पुढे सरकवला. म्हणाली, मोठ्याने वाच. तिथेच बसलेल्या उसेबियोने डोक्यावरची टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी.
वाचला. दोनच ओळी होत्या. किरणात पाहू नका. किरण दिसत नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही.
अक्षर एवढं बारीक नव्हतं.