विमानाची मोटर फिरली तेव्हा

आई, काल आमची मोटर फिरली.

तू अंबरनाथच्या पंख्यांच्या कारखान्यात वाइंडिंगला, तार गुंडाळायच्या कामावर होतीस, तुला मोटर काय समजावायची! फक्त ही विमानाची आहे. हिच्यात तांब्याच्या तारेऐवजी फितीसारखी चपटी पट्टी गुंडाळतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये ती भयंकर गार केली की वीज कुठेही न अडखळता जाते. मग थोड्याच पट्टीत काम भागतं, मोटर हलकी होते, आणि विमानाला हलकंच हवं असतं.

लहानपणी एका दसऱ्याला तू मला कारखान्यात नेलं होतंस. यंत्रांना झेंडूचे हार, माझ्या हातात पेढा. मी तारेच्या रिळाला बोट लावते आणि तू सगळ्यांदेखत खेकसतेस, "चिकट हात लावू नकोस! वरचा लेप गेला की मोटर जळते." मी रुसते. संध्याकाळी उल्हासनगरच्या आपल्या खोलीत, स्टोव्हपाशी, तू मला सुतळी आणि रिकामी बाटली देतेस. "गुंडाळ. वेढ्याला वेढा लागू दे, पण ओढायचं नाही." तुझ्या पोळ्या होईपर्यंत मी गुंडाळत बसते. तू गेल्यावर असं शेजारी बसून कुणी काही शिकवलं नाही.

पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत पहिली कॉइल जळली. पट्टी एका जागी किंचित दुमडली होती, तिथेच तापली आणि डोळ्यांदेखत काळी पडली. साहेब म्हणाले, "आता बाहेरून करून घेऊ." मी म्हटलं, "एकदा मला एकटीला गुंडाळू द्या." ते हो म्हणाले. त्यानंतर कित्येक आठवडे काम आणि बदलापूरचं घर, एवढंच. हेंद्रेपाड्यात भाजीवालीला "कोथिंबीर नको" म्हणायचे, काही दिवशी घराबाहेरचं बोलणं तेवढंच. घरात तर कुणी नाहीच.

काल नायट्रोजनच्या टाकीवर पांढरी वाफ तरंगत होती. वीज सोडली. मोटरचा दांडा थरथरला, मग फिरला, फिरतच राहिला. पोरं ओरडली. साहेबांनी माझा हात हातात घेतला. मग जो तो कोपरा गाठून घरी फोन करायला लागला. मी हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

पुढच्या चाचणीला मला बंगळुरूला जायचंय, विमानाने. मी अजून कधी बसलेले नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून सांगून टाकते. तिकीट काढताना ऑफिसातली मुलगी सहज म्हणाली, "मॅडम, एअरपोर्टला सोडायला कोण येणारे?"

माझ्या तोंडून गेलं, "आई."

"अय्या, मस्त!" ती म्हणाली. मी आधार कार्ड तिच्यापुढे सरकवलं.