तिसऱ्या वर्षाचं टर्मवर्क

प्रिय अश्वजित,

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून दचकशील. पत्ता सिंदेवाहीला तुझ्या आईकडून, मीराबाईंकडून घेतला. एटापल्लीकडे खाणीवर डंपर दुरुस्त करतोस, असं त्या म्हणाल्या.

इथे चंद्रपुरात आपलं कॉलेज चालू आहे, एवढंच. मेकॅनिकलच्या साठ जागांवर यंदा चौदा मुलं आली. बाकी सगळी कॉम्प्युटरला. म्हणून माझ्याकडेही डेटा सायन्सचा एक विषय दिलाय. रविवारी व्हिडिओ बघून शिकते आणि सोमवारी तेच मुलांपुढे ओतते. बावन्नाव्या वर्षी डोकं थकतं रे, आणि मुलांना ते कळतं. परवा दिव्यानी नावाची वडसाची मुलगी उभी राहिली. "मॅडम, हे शिकून आमाले काम कुठी भेटन?" आवाजात उद्धटपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी पुढची स्लाइड लावली.

मागच्या महिन्यात एका खाणीचे अधिकारी नोकरीच्या मुलाखती घ्यायला आले होते. त्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे डंपरच्या सेन्सरचे आकडे ठेवले आणि बिघाड कुठे आहे ते विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं. नंतर चहा घेताना ते म्हणाले, आमच्याकडे एक मेकॅनिक आहे, शिक्षण अर्धवट सोडलेला. इंजिन उघडायच्या आधीच बिघाड सांगतो, त्यासाठी प्रोग्रामही त्यानंच लिहिलाय. मी नाव विचारलं. त्यांनी तुझं सांगितलं.

तिसऱ्या वर्षी तू वर्कशॉपमधल्या लेथला सेन्सर जोडून लॅपटॉपवर आलेख काढला होतास. मेकॅनिकलवाल्यानं असले खेळ करू नयेत, असं मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले आणि टर्मवर्कचे, वर्षभराच्या प्रात्यक्षिकांचे गुण कापून तुला नापास केलं. वर्ष गेलं, तू परत आला नाहीस. घरची अडचण असेल, असं मी विचारणाऱ्यांना सांगत आले. स्वतःलाही.

चूक माझी होती, हे सांगायला लिहितेय. आणि एक मागणं आहे. महिन्यातून एक शनिवार ये, या मुलांना शिकव. प्राचार्यांनी तुझी डिग्री विचारली. ती का राहिली, ते मी त्यांना सहीनिशी लिहून दिलंय. तू आला नाहीस, तरी तो कागद मागे घेणार नाही.

तुझी,
ज्योत्स्ना मॅडम