उसं फेडणं

प्रिय पंडित,

तुझं निमंत्रण मिळालं. सत्काराच्या दिवशी जुनी सहकारी म्हणून मी दोन शब्द बोलावेत, असं तू स्वतःच्या हातानं लिहिलं आहेस. बावीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, कुणाच्या तरी खांद्यावर रेलल्यासारखं.

शब्दकोशाच्या कार्यालयात आपण समोरासमोर बसायचो. 'फेडणे' माझ्या वाट्याला आलं तेव्हा तू म्हणालास, "त्यात काय एवढं, कर्ज फेडणे, झालं." मी अकरा महिने त्या क्रियापदामागे होते, एकेक प्रयोग कार्डावर टिपून खणात ठेवत होते. लोक कर्ज फेडतात, तशी दोऱ्याची गाठही फेडतात. उपकार फेडतात, आईबापांचे पांग फेडतात, डोळ्यांचं पारणं फेडतात. आणि कुणी फारच वाईट वागलं, तर हे पाप कुठे फेडशील म्हणून विचारतात. पैसे देणं आणि गाठ सोडवणं याला आपल्याकडे एकच शब्द आहे, म्हणजे देणं ही आपल्या लोकांना गाठच वाटत असणार, हे मी तुला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. तुझा घास हातातच राहिला. मला वाटलं, तू माझ्यावर भाळलास; पुढे लग्नाचं बोलणंही निघालं.

मग आई आजारी पडली. सहा आठवडे मी तिच्या उशाशी होते आणि तू माझ्या खणाशी. तिला बघायला तू एकदाही फिरकला नाहीस. तिचं सगळं आटोपून मी कामावर परतले, तर माझ्या कार्डांचा निबंध झाला होता, त्यावर तुझं नाव होतं आणि तू उपसंपादक झाला होतास. मी विचारलं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालास, "शब्द काय कुणाच्या बापाचे असतात का गं?" सगळे हसले. मला प्रुफं तपासायला बसवलं. आपल्या लग्नाचं बोलणं तू मोडलंसुद्धा नाहीस, फक्त पुन्हा काढलं नाहीस.

त्या एका क्रियापदावर तू गावोगाव व्याख्यानं दिलीस. मी वर्तमानपत्रात वाचत होते आणि गप्प होते, कारण माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं; कार्डावर कुणी सही करत नाही. गेल्या वर्षी तुझ्या व्याख्यानांचं पुस्तक निघायचं ठरलं. प्रकाशकानं प्रुफं माझ्याकडे पाठवली. ती कोण वाचतंय, हे तू विचारलं नाहीस. कामाच्या माणसांची नावं विचारायची तुला सवय नाही.

शेवटचं प्रकरण 'उसं फेडणं'. आपल्या आजारपणात जो उशाशी बसला, त्याच्या आजारपणात आपण जाऊन बसायचं, म्हणजे उसं फेडायचं. तू लिहिलं आहेस की हा प्रयोग तू लहानपणी तुझ्या आजीच्या तोंडून ऐकलास. वाचणाऱ्याचे डोळे भरून येतील असं लिहिलं आहेस. माझे आले नाहीत.

अरे पंडिता, हा प्रयोग कुठल्याच बोलीत नाही. तो माझ्या आईनं केलेला आहे. मला विषमज्वर झाला तेव्हा शेजारच्या मावशी आठ दिवस उशाशी बसल्या होत्या. पुढे मावशी आजारी पडल्या, तेव्हा आई रोज जायची आणि परत आल्यावर म्हणायची, "उसं फेडून आले." आमच्या घराबाहेर हे कुणी बोलत नाही. मी हौसेनं कार्ड केलं आणि मागे पेन्सिलीनं लिहिलं, 'फक्त आईचा शब्द. कोशात घेऊ नये.' तू घाईघाईनं उतरवलंस, कार्ड उलटलं नाहीस, तसंच खणात परत टाकलंस; ते अजून माझ्याकडे आहे. मी प्रुफातला प्रत्येक स्वल्पविराम सुधारला आणि ते प्रकरण जसंच्या तसं जाऊ दिलं. दोन हजार प्रती छापून झाल्या.

रविवारी मी येते आहे. दोन शब्द नक्की बोलेन, त्यातला एक आईचा. दोन्ही बाजूंनी वाचता येईल असं ते कार्डही आणेन. हे मी तिथेच अचानक काढू शकले असते. पण तुला दचकवणं मला पुरेसं नव्हतं. मी बावीस वर्षं वाट पाहिली, तू चार दिवस बघ. हारतुरे होतील, तुझी स्तुती होईल, तेव्हा माझी पाळी कितवी आहे ते मोजत बस. आजारी पडू नकोस. तुझ्या उशाशी यायला मी बांधील नाही.

तुझीच,
कार्ड उलटून वाचणारी