नुसती मावशी

प्रिय मावशी,

काल माझं संशोधन केंद्र बघायला आलीस. शिपायाने विचारलं, "मॅडमच्या आई का तुम्ही?" तू झटक्यात म्हणालीस, "छे, मी नुसती मावशी." आई गेल्यापासून तूच मला वाढवलंस, तरी तुझं हे 'नुसती' काही सुटत नाही.

आम्ही इथे ज्यांचे फोटो काढतो ते मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ताकद देणारे कण, फक्त आईकडून मिळतात. आजीने तुम्हा बहिणींना सारखेच दिले, आईने तेच मला. आमच्या सगळ्यात महागड्या मायक्रोस्कोपखालीही तुम्हा दोघींत फरक दिसणार नाही.

केंद्रप्रमुख म्हणून जगभर भाषणं ठोकते, पण काल तुला हे सांगताना जीभ अडली. पत्रही टाकणार नाही. म्हणशील, "तुला गं पुरावा कशाला लागला? मला कुठे लागला होता?"

तुझी,
नुसती मुलगी