साठ आखूड जाकिटं

गुरुवार, ११ मार्च
कटिंग हॉल, जेवणाची सुट्टी

चि. पिनू,

वहिनीचा आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरी असशील आणि वेळेवर जेवत असशील असं धरून चालते, खात्री मात्र नाही.

फोन सोडून हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. "जाऊ दे गं वहिनी" म्हणतेस आणि विषय संपतो. हा विषय जाऊ द्यायचा नाहीये.

आधी घरचं. तुझ्या दादाचा गुडघा पुन्हा सुजलाय, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय आणि हा रोज चार वेळा खाली जाऊन टपालपेटी बघतो. स्वयंपाकघरातला नळ तीनदा दुरुस्त होऊनही ठिबकतोच आहे. तुझ्या भाचीने केस कापले, विचारू नकोस कसे. आणि पेपरात तुझा फोटो आला त्या दिवशी तुझ्या भावाने तो कापून दारामागे चिकटवला. कशाने कापला? माझ्या कापडाच्या कात्रीने! बावीस वर्षं त्या कात्रीला कागद लागू दिला नव्हता. मी ओरडले तर म्हणतो, "अगं, आपली पिनू आहे ती!" जणू पिनूचा फोटो म्हटल्यावर कागदाचं रेशीम होतं. मी कात्रीला धार लावून आणली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला वाटलं कात्रीमुळे.

कात्रीमुळे नव्हतं. पोटात दुखत होतं माझ्या.

बघ, लिहिलं एकदाचं. आता पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण तसं काही दिसत नाही.

मी या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. मी जमिनीवर कापड पसरलं की तू तोंडात टाचण्या धरून शेजारी बसायचीस, म्हणून मीच तुझं नाव पिनू ठेवलं. जुन्या पडद्यातून तुझा झगा आणि माझं पोलकं असं दोन्ही काढायचं होतं, आठवतं? आपण तुकडे असे फिरवले, तसे फिरवले, शेवटी एकाची बाही दुसऱ्याच्या गळ्याच्या खोबणीत बसवली आणि हातात उरली ती मूठभर कातरण. तू त्या कातरणीचीही बटणं मढवलीस. मला फार कौतुक वाटलं होतं तेव्हा. तेव्हा कौतुक करणं सोपं होतं, तू लहान होतीस.

मग तू शिकलीस, शिकतच गेलीस. मी इथे हॉलमध्ये उभी राहिले. आठ वर्षं कापणीच्या टेबलावर कापडाचे थर लावले, तेव्हा कुठे मला मास्तर म्हणू लागले. या कारखान्यातली पहिली बाई मास्तर. तुला प्रयोगशाळा मिळाली, मदतनीस मिळाले, परदेशची बोलावणी आली. तू बोलायला लागलीस की माणसं वहीत उतरवून घेतात. मी बोलते तेव्हा मशीनच्या आवाजावरून ओरडावं लागतं.

तरी मी गप्प होते. मग तुझं ते भाषण तुझ्या भावाने मोठ्या आवाजात लावलं. सगळे जेवत होतो. कपड्यांच्या उद्योगात कापलेल्या कापडाचा केवढा तरी भाग कचऱ्यात जातो, तो वाचवता येईल, जुन्या कपड्यांचा धागा पुन्हा विणता येईल, हे सगळं तू छान सांगितलंस. मग कुणीतरी विचारलं, ही तुकडे एकमेकांत गुंतवून कापायची कल्पना आली कुठून? आणि तू हसून म्हणालीस, "घरातल्या एका बाईकडून शिकले."

एका बाईकडून.

दादा म्हणाला, "बघ, तुझंच सांगतेय!" मी ताटं उचलली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. वहिनी म्हणायला काय झालं होतं तुला? नाव घेतलं असतंस तर जीभ झिजली असती? आज शांतपणे लिहिताना वाटतं, तू बोलण्याच्या ओघात म्हणाली असशील. त्या दिवशी मात्र तसं वाटलं नाही, आणि त्यानंतर सहाच दिवसांनी तुझे तागे माझ्या टेबलावर आले.

आता नीट वाच.

तुझ्या पद्धतीची आमच्या कारखान्यात चाचणी होती, साठ जाकिटांची. तुझ्या तेरा पानी सूचना मी अक्षर न् अक्षर वाचल्या. तुकडा कुठे ठेवायचा, सुरी कुठून फिरवायची, खिशाचं कापड कुठून निघेल, सगळं होतं. एकच गोष्ट नव्हती. तागा गुंडाळताना कापड ताणलं जातं, म्हणून उलगडून एक दिवस ते नुसतं पडू द्यायचं, हे तू लिहिलं नव्हतंस. का लिहिलं नव्हतंस ते मला कळत होतं. ते तुला मी शिकवलं होतं, अकरा वर्षांच्या पोरीला, पडदा पसरून. मला ते सांगायचं असतं का कुणी!

मी तागा उलगडला, काठावरून हात फिरवला. कापड माझ्या बोटांखाली मागे सरकलं. पुन्हा विणलेला धागा, नेहमीच्या कापडाहून जास्तच ओढलेला. हातांना लगेच समजलं. आणि मी मनात म्हटलं, बाईसाहेबांनी तेरा पानं लिहिलीत, त्यात हे नाही, तर नाही. थर लावायला सांगितले आणि त्याच सकाळी कापून टाकलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. तुझ्या मांडणीत अंगाचे तुकडे उभे आणि बाह्या आडव्या. वाफेची इस्त्री फिरली तशी अंगं दोन बोटं आखूड झाली, बाह्या होत्या तेवढ्याच राहिल्या. मुंढ्यात बाही बसेना. नेहमीच्या कापणीत थोडी सूट असते, ओढूनताणून निभावतं. तुझ्यात सूट नाही, कारण तू काही वाया जाऊच देत नाहीस. साठच्या साठ जाकिटं वाकडी निघाली. तू इथे माझ्या शेजारी उभी होतीस, एक जाकीट हातात घेऊन उलटसुलट करत. तुझा चेहरा मी पाहिला आणि मूग गिळून बसले. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. संध्याकाळपर्यंत टिकलं ते.

मग रविवारी तुझ्या अहवालाचा कच्चा खर्डा आला. दादाने वाचायला घेतला, कळत काही नव्हतं त्याला, पण वाचत होता. त्यात तू लिहिलंयस: "कापणीत दोष असण्याची शक्यता मी वगळली आहे. कापणी माझ्या वहिनीच्या हातची होती. तिच्या हातून अशी चूक होत नाही. त्यामुळे दोष मांडणीचाच आहे, आणि ही पद्धत कारखान्यासाठी योग्य नाही."

पिनू, सात वर्षांचं काम तू माझ्या हातावरच्या विश्वासाने खोडून टाकलंस. तू चिडली असतीस, माझ्यावर संशय घेतला असतास, तर मी भांडले असते आणि बहुतेक निभावूनही नेलं असतं. यावर काय भांडू?

इथल्या कातरणीची पोती मागे बॉयलरमध्ये जाळतात, तू पाहिलंयस. इस्त्रीवरच्या दोघी दिवसभर खोकत असतात. तुझी पद्धत चालली असती तर ती पोती निम्मी झाली असती. येत्या सोमवारी अहवाल गेला की ती चालणार नाही, असा शिक्का बसेल, तोही माझ्या नावाचा दाखला देऊन.

म्हणून एक तागा उरला होता, तो या सोमवारी उलगडून ठेवला. मंगळवारी कापला, तुझ्या मांडणीप्रमाणे, एक सूत इकडेतिकडे नाही. काल त्यातलं एक जाकीट स्वतः शिवलं आणि वाफ दिली. खरं सांगते, इस्त्री उचलताना मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, थोडा तरी झोळ पडावा. म्हणजे मी काही फारसं बिघडवलेलं नाही असं झालं असतं. झोळ पडला नाही. मी बाही ओढून पाहिली, खांदा दाबून पाहिला, पोरींना घालायला लावलं. इतकं सुंदर बसलं की मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं असं मी म्हणणार नाही. असं मला कधी सुचलं नसतं. पडद्यातून दोन कपडे मी काढले, पण साठ जाकिटांचं गणित तुझं आहे.

ते जाकीट या पत्रासोबत पाठवतेय.

आज सकाळी व्यवस्थापकांना सांगितलं. त्यांचा आधी विश्वासच बसेना.

"मास्तर, सख्खी नणंद ना तुमची? आणि असं?"

"सख्खी आहे म्हणूनच," मी म्हटलं. "परकीचं असतं तर नीट कापलं असतं."

त्यांनी पेन बंद केलं. मग म्हणाले, मालकांपासून लपवता येणार नाही. मी म्हटलं, लपवूच नका, शनिवारपर्यंत हातातलं काम उरकून मी जाते. घरी अजून बोलले नाहीये. दादाला मी सांगेन, तू सांगू नकोस.

आता काम ऐक. अहवाल थांबव. हे पत्र त्याला जोड, घरगुती भाग वाटला तर गाळ, पण कापडाचा एक शब्दही गाळू नकोस. सूचनांमध्ये चौदावं पान घाल आणि त्यावर कापड एक दिवस पडू द्या, एवढंच लिही. सगळ्याच मास्तरणी तुझ्या वहिन्या नसतात, आणि असल्या तरी काय होतं ते तू पाहिलंसच.

माफ कर असं लिहिणार होते. तू लगेच करशील आणि "जाऊ दे गं" म्हणशील, म्हणून आत्ता नको. थोडे दिवस रागाव माझ्यावर, मला बरं वाटेल. हेवा अजून गेलेला नाही. कधी जाईल सांगता येत नाही. पण तो माझ्याकडे ठेवीन, तुझ्या कापडाला लागू देणार नाही.

खाली सही करतेय, कामाच्या कागदावर करते तशीच, पुरावा म्हणून चालावी.

तुझी वहिनी
कटिंग मास्तर, शनिवारपर्यंत