डावीकडून येणारं विमान

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
रविवार

प्रिय कारभारी,

पत्र बघून तुझ्या मनात पहिलं हेच येईल की दादाला काहीतरी झालं. घाबरू नकोस, आम्ही सगळे खाऊन-पिऊन बरे आहोत. पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. ‘दादा, जीपला सीट भरतोय, नंतर करतो’ म्हणतोस आणि ते नंतर काही येत नाही. तुझंही चुकत नाही. तुमच्या गॅसच्या नळीपासून तुझ्या पोराच्या, बद्रीनाथच्या, हेल्मेटपर्यंत मी तुला आजवर इतक्या काळज्या कळवल्या आहेत, की आता खरोखरची काही सांगितली तरी तुला ती नेहमीचीच वाटणार. म्हणून लिहायला बसलो. मला तुझ्याकडून एक काम करून घ्यायचं आहे आणि ते जिवाशी निगडित आहे. आधीच सांगितलं तर तू हसशील आणि पत्र घडी करून खिशात टाकशील, म्हणून झालं ते क्रमानं सांगतो. मालनबाई, पत्र तुमच्या हाती आधी पडलं तर नवऱ्याला समोर बसवून पुरतं वाचायला लावा.

दिवाळीला तू आलास तेव्हा मी आमच्या विश्वजीतच्या खोलीत डोक्याला टोपी आणि कानाला हेडफोन लावून बसलो होतो. ‘म्हातारा पार कामातून गेला की!’ म्हणून तू लई हसलास आणि मी लाजून सगळं बंद केलं. ते काय होतं ते आता सांगतो. तो लहान पोरांचा गेम नव्हे. त्याला सिम्युलेटर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातली पंख्याची लढाऊ विमानं त्यात जशीच्या तशी आहेत, आणि ती चालवायची तर इंजिन किती तापलं, तेलाचा दाब किती, सगळं बघावं लागतं. विश्वजीतनं हौसेनं जॉयस्टिक आणली, पायाचे पेडल आणले. मग कंपनीत त्याची शिफ्ट बदलली आणि सामानावर धूळ बसली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात बसून मी सगळ्यांचं डोकं खात होतो, गॅस बंद केला का, नळ बंद केला का. शेवटी सूनबाईनं, मोनिकानंच, मला त्या खुर्चीत नेऊन बसवलं. मी सातवीत शाळा सोडली आणि जन्म छावणीतल्या पाण्याच्या पंपावर काढला, हे तुला ठाऊक आहे. मला काय कळणार विमानातलं! पण कळायला लागलं तसा मी त्यात गुंततच गेलो. विमान फार जोरात वळवलं की ते वळायचं सोडून खाली का पडतं, यावर मी कितीतरी दिवस डोकं खाजवलं. पंखावरून वाहणारी हवा पंख सोडून देते, म्हणून. हे समजलं त्या दिवशी मी घारींकडे बघत गच्चीवर उभा राहिलो. मोनिका म्हणाली, दादा, उन्हात काय करताय? मी म्हटलं, त्या वळताना शेपूट कशी मुरडतात ते बघतोय.

रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही इंटरनेटवर जमतो. सत्यम म्हणून एक आहे, पॉलिटेक्निकात शिकवतो. छावणीतली आफरीन बँकेत आहे आणि तिच्या भावाचं, अबुजरचं, छपाईचं दुकान आहे. सगळे मला अण्णा म्हणतात. आफरीन माझी जोडीदार. लढाऊ विमान एकटं जात नाही, दोघांनी एकमेकांची पाठ राखायची असते. तू म्हणशील, मग तुम्ही उडता किती? खरं सांगतो, उडतो कमी, भांडतो जास्त. खेळाचा नवा अपडेट आला की आमच्या सगळ्या जुळण्या मोडतात. गेल्या खेपेला अबुजरचं इंजिन गती वाढवली की मंद व्हायला लागलं. ‘ये अपडेट बनाने वाला मिल जाए ना अण्णा, उसको इसी जहाज में बिठा के छोड़ता मैं,’ असं तो तासभर करवादत होता. सत्यमचं म्हणणं, अपडेटचा दोष नाही, तू सूचना वाचत नाहीस. मग त्या दोघांचं जुंपतं, आणि आफरीन विमानतळावर इंजिन सुरू ठेवून म्हणते, तुमचं झालं की सांगा, माझं तेल संपत आलंय.

सगळ्यात मोठं भांडण ठिपक्याचं. लांबचं विमान स्क्रीनवर सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यासारखं दिसतं. तो ठिपका आधी ज्याला दिसेल तो जगला. खऱ्या आकाशात विमान जितकं दिसतं तितकं खेळात दिसतं की कमी, यावर जगभरचे खेळणारे एकमेकांना शिव्या घालतात, असं सत्यम सांगतो. मलाही तो ठिपका दिसेना. लांबचा तर नाहीच, पण जवळ आलेलं विमानही दिसेना. गोळ्या लागून पंख पेटला की मग कळायचं. आणि नेहमी डावीकडून, वरून. उजवीकडून आलेला शत्रू मला चांगला दिसायचा, दोन-तीन तर मी पाडलेसुद्धा. आफरीन कानात ओरडायची, ‘अण्णा, डावीकडे! डावीकडे वर!’ मी म्हणायचो, तिथं काही नाही गं. आणि धडाम. माझ्यामुळे तीही पडायची. अबुजर म्हणायचा, ‘अण्णा, दुश्मन को आपका पता किसने दिया? रोज उसी खिडकी से आता है.’ हसण्यावारी जायचं, पण मला रात्रीची झोप लागेना. मी पोरांना नकोसा होईन, ही नवीनच काळजी लागली.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. माझ्या टोपीवर तीन छोटे दिवे आहेत आणि स्क्रीनवर एक कॅमेरा. आपण मान थोडी वळवली की विमानातली नजर तिकडे वळते. सत्यम म्हणाला, तुमच्या खिडकीतून ऊन येतं, कॅमेऱ्याला दिवे आणि ऊन यातला फरक कळत नसेल. मी खिडकीला गोधडी लावली. मोनिका म्हणाली, दिवसाढवळ्या घराचं थेटर केलं. फरक पडला नाही. अबुजरनं टोपी बदलायला लावली. स्क्रीनवरचे ठिपके मोठे दिसावेत म्हणून चित्र भरड केलं, तेव्हा ढगसुद्धा ज्वारीच्या पिठाच्या गोळ्यांसारखे दिसू लागले. तरी डावीकडचा काही दिसेना.

आमच्यात एक रीत आहे. उड्डाण झालं की त्याची नोंद झालेली असते, ती सगळ्यांनी मिळून पुन्हा बघायची आणि कोण कुठं चुकला ते ठरवायचं. त्या रविवारी माझी नोंद लावली. माझ्याच खुर्चीतून जसं दिसत होतं तसं. मी बघतोय तर रिकामं आकाश, आणि एकदम पंख पेटतो. मी म्हटलं, बघा, कुठून आला कळतंय का कुणाला? आफरीन हळूच म्हणाली, ‘अण्णा, तुमची झोप लागली होती का?’ मला राग आला. मी म्हटलं, झोप कसली, मी टक लावून बघत होतो. ती म्हणाली, ‘नाही, मग... ते विमान केव्हापासून समोर दिसतंय. अंगठ्याएवढं होईस्तोवर तुम्ही मानसुद्धा हलवली नाही.’

पुढच्या रविवारी सत्यम स्वतःची स्क्रीन गोधडीत गुंडाळून स्कूटरवर घेऊन घरी आला. त्याचं म्हणणं असं की एका वेळी एकच वस्तू बदलायची, बाकीचं आहे तसं ठेवायचं, म्हणजे दोष सापडतो. स्क्रीन बदलली. वायर बदलली. तीच नोंद लावली आणि मध्येच थांबवली. मला म्हणाला, अण्णा, नेम धरायच्या गोल खुणेकडे बघा, नजर हलवू नका. आता मी बोट फिरवतो. त्याचं बोट काचेवरून डावीकडे वर सरकत गेलं आणि कारभारी, ते बोट नाहीसं झालं. काळं झालं नाही, धूसर झालं नाही. तिथं आकाश होतं, शेजारी होतं तसंच निळं. मनगट होतं, बोट नव्हतं. मी नजर तिकडे वळवली तर बोट जागच्या जागी, आणि त्याच्याखाली विमान. सत्यमला काही कळलं नव्हतं. तो हसत म्हणाला, ‘टोपी बदलली, वायर बदलली, स्क्रीन बदलली. आता बदलायचे फक्त तुम्ही राहिलात अण्णा!’ असं तो बोलून गेला आणि मग त्याचा चेहरा उतरला. मोनिका चहा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार दादांना रोज लागतं ते मी उघडं टाकते म्हणून नव्हे तर! मी रोज तिच्यावरच करवादत होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं. मधल्या खुणेकडे बघायचं आणि कडेला कुठंही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मला वाटलं हे तर आमचंच काम. मी सगळे दिवे टिपले अशा तोऱ्यात बाहेर आलो. त्यांनी छापलेला कागद दाखवला तर वरच्या डाव्या अंगाला शाई सांडल्यासारखा डाग. डाव्या डोळ्याचा मोठा, उजव्याचा लहान. काचबिंदू. दुखत नाही, लाल होत नाही, चष्म्याचा नंबरही तोच राहतो. मी त्यांना विचारलं, भोक पडलंय तर मला भोक दिसत का नाही? बाई हसल्या. म्हणाल्या, मेंदूला रिकामी जागा आवडत नाही, तो आजूबाजूचं घेऊन ती भरून काढतो. भिंत असेल तर भिंतीनं, आकाश असेल तर आकाशानं. किती दिवस झाले, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मी बाजारात उभा राहतो आणि विचार करतो, यातलं खरं किती आणि माझ्या मेंदूनं भरलेलं किती?

गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली टिकवता येते. रोज थेंब घालायचे, चुकवायचे नाहीत. थेंबांची काळजी माझ्यासारख्या माणसाला कशाला सांगायला हवी. मोनिका म्हणते, डॉक्टरांना पहिल्यांदाच त्यांच्या मनासारखा पेशंट मिळाला. खेळणं मी बंद करणार होतो, पण पोरांनी ऐकलं नाही. आता आफरीन माझ्या डाव्या बाजूनं उडते. मी तिचं उजवं बघतो, ती माझं डावं. अबुजर म्हणतो, दुश्मनाची खिडकी बंद झाली.

आता आबांचं. तपासताना बाईंनी विचारलं, वडिलांना होता का? मी म्हटलं, आमच्या वेळी कोण तपासतंय. पण घरी येताना रिक्षात मला आबांची चाल आठवली. मान डावीकडे कलती करून चालायचे. सगळं गाव म्हणायचं, ताठा आहे, शेजारून गेलं तरी रामराम घेत नाहीत. आणि तू पहिली जीप आणलीस तो दिवस. गल्लीच्या तोंडाशी तिला हार घालून तू डाव्या हाताला उभा होतास. आबा समोरून आले आणि न बघता पुढं निघून गेले. ड्रायव्हर झालो म्हणून बापाला लाज वाटते, असं तू धरून बसलास, आणि ते गेले तरी ते तुझ्या मनातून गेलं नाही. मी तिथं होतो. मलाही तसंच वाटलं होतं. मी ठाम सांगू शकत नाही, त्यांचे डोळे कुणी तपासले नव्हते. पण आता वाटतं, आबांना तिथं गल्लीची भिंतच दिसली असेल. जीप नाही, हार नाही, तू नाहीस.

बाईंनी शेवटी विचारलं, सख्खा भाऊ आहे का? म्हटलं, आहे, चार वर्षांनी लहान. म्हणाल्या, हा आजार घरात उतरतो, त्यांना तपासायला आणा. मग सहज विचारलं, काय करतात? मी म्हटलं, जीप चालवतो, कन्नडच्या घाटात. त्या लिहीत होत्या, त्यांचा हात थांबला. कारभारी, तुला लख्ख दिसतं, हे तू आता म्हणशीलच. मलाही लख्खच दिसत होतं. मी पडलो तर पुन्हा बटण दाबून नवीन विमान घेत होतो. तुझ्या मागं सीट भरलेले असतात आणि घाटात डावीकडे कधी कडा असतो, कधी दरी. तुला नसेलही, नसावंच, आणि नसलं तर जन्मभर मला हस, मी चूं करणार नाही. गुरुवारचा नंबर तुझ्या नावानं लावला आहे. तोवर जीपची किल्ली बद्रीनाथकडे दे. या पत्रावर तू चिडणार हे मला माहीत आहे. चिडूनच ये, पण एसटीनं ये.

तुझाच,
बन्सीदादा