मंडईच्या दुसऱ्या दिवशीचा डेमो

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. नवा संकल्प: रोज रोजनिशी लिहिणे. मोठ्या माणसांच्या रोजनिशा पुढच्या पिढीला कामी येतात. बायको गिरजा म्हणाली, मागच्या वर्षीच्या डायरीत तुमी चारच पानं लिहिली, बाकीच्यात पोरीनं हत्ती काढले. दुर्लक्ष केलं.

सध्याची स्थिती नोंदवून ठेवतो. मी भुपेंद्र बिसेन. मूळ शाळा पिंपरटोला, वर्ग चौथा. जुलैपासून अर्जुनी मोरगावला तालुक्याच्या ट्रेनिंग सेंटरवर तात्पुरता. काम: वर्गात मुलांचं लक्ष, प्रेरणा आणि सहभाग कसा वाढवायचा, हे शिक्षकांना शिकवणे. पोरांना शिकवणं कोणालाही जमतं. शिक्षकांना शिकवायला माणूस लागतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं ट्रेनिंग जोरदार. विषय: मुलांचं लक्ष का विचलित होतं. पीपीटीच्या चौसष्ट स्लाइडा. चहाआधी हॉल भरलेला होता. चहानंतर निम्मे शिक्षक दिसले नाहीत. ऐकलेलं लगेच वर्गात वापरून बघायला गेले असणार. उरलेले मोबाईलवर माझे मुद्दे टिपत होते. एकाच्या मोबाईलमधून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू आली. तो बहुतेक उदाहरण शोधत होता.

फीडबॅकचे कागद वाचले. तीन जणांनी लिहिलं, पंखा लावावा. नोव्हेंबरात पंखा. एवढं वातावरण तापलं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

मोठी बातमी. गोंदियाला जिल्ह्याचा कायम प्रशिक्षक नेमायचा आहे. जागा एकच. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी साहेब स्वतः येऊन माझा डेमो पाठ बघणार, तोही माझ्या मूळ वर्गावर, आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, सगळ्या शिक्षकांसमोर. आवडला तर गोंदिया. नाही आवडला तर मूळ शाळेवर रुजू व्हायचं. हे दुसरं वाक्य नियम म्हणून लिहावं लागतं, त्यात काही अर्थ नसतो.

गोंदियाला माझी स्वतंत्र केबिन असेल. फिरती खुर्ची असेल. खिचडीचे तांदूळ मोजणे नाही, नाक वाहणारी पोरं नाहीत, "गुरुजी, ह्यानं मले चिमटा घेतला" नाही. हे सगळं मी मुलांसाठीच करून राहिलो.

गिरजाला म्हटलं, गोंदियात घर बघायला तुझ्या भावाला सांग. तिनं विचारलं, पोट्टे तुमचं आयकतेत का? मी सांगितलं, ऐकणं ही जुनी संकल्पना आहे, आता सहभाग आला. ती म्हणाली, तेच इचारून राहिली मी.

१० नोव्हेंबर, सोमवार

डेमोची तारीख ठरवायला डोक्याचा पार भुगा. दिवाळीनंतर आपल्याकडे रोज कुठल्या तरी गावची मंडई, म्हणजे जत्राच. दुकानं, दंडारीचा नाच, घरोघरी पाहुणे आणि रात्रभर नाटक. कोणतीही तारीख काढा, एक सर म्हणतात त्या दिवशी सासरची मंडई, दुसऱ्या मॅडम म्हणतात माहेरची. सगळे एका दिवशी सापडणं अशक्य.

मग मला सुचलं. पिंपरटोल्याची मंडई २० तारखेला. नाटक या भागातलं नावाजलेलं. केंद्रातले सगळे शिक्षक येणारच, मुक्कामी राहणारच. म्हणून डेमो २१ ला, सकाळी. माणसं आयतीच गावात. हजेरी शंभर टक्के. याला म्हणतात प्लॅनिंग. साहेबांना फोन केला. तेही म्हणाले वा, मग मीही आदल्या दिवशीच येतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पिंपरटोल्याला जाऊन वर्ग बघितला. माझ्या जागी सध्या ओमेश्वरी मॅडम शिकवतात. वर्गाची परिस्थिती चिंताजनक. पोरं बाकावर नाहीतच. सगळी व्हरांड्यात लोळण घेऊन शाळेचा ओटा वितीनं मोजत होती. एकाची वीत लहान, दुसरीची मोठी, उत्तरं वेगळी, त्यावरून कडाक्याचं भांडण. मॅडम मधे बसून हसत होत्या. शेवटी पोरांनीच ठरवलं की सगळ्यांसाठी एकच काठी पाहिजे. यात अर्धा तास गेला. मी असतो तर 'मीटर' ही व्याख्या एका मिनिटात लिहून दिली असती.

मी दारात उभा होतो, कोणाचं लक्ष गेलं नाही. टीना नावाच्या पोरीनं शेवटी विचारलं, कोणाले भेटाचं हाय जी? शाळा उघडली तेव्हा मी हिचा वर्गशिक्षक होतो. मॅडमच्या हाताखाली पोरांची स्मरणशक्ती किती उतरली, ते दिसलंच.

मॅडमना फीडबॅक दिला: शिस्त शून्य, आवाज जास्त. त्या हो सर म्हणाल्या आणि परत काठी शोधायला गेल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. डेमोची तयारी. शाबासकीचे चमकते स्टार मागवले होते, प्रेरणा वाढवायला. संध्याकाळी बघतो तर पोरीनं सगळे फ्रिजवर चिकटवलेले. रागावलो. ती म्हणाली, बाबा, तुम्ही कधी देतच नव्हते. खरवडून सहा निघाले. सहा पुरेत. स्टार कमी असले की स्पर्धा वाढते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हेडमास्तर टेकचंद कटरे गुरुजींचा फोन. म्हणे, बिसेन सर, मंडईच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे झोपून राहतेत, खिचडीलेही उठत नाहीत, तारीख बदलवा. मी त्यांना आंतरिक प्रेरणा म्हणजे काय ते समजावलं. ती जागी झाली की झोप येत नाही. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाहा बा, तुमी जास्त शिकेल माणूस हा.

तारीख बदलली तर साहेब म्हणतील, याला तारीखही ठरवता येत नाही. गोंदिया हातचं जाईल. बदलणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाटकाचं पोस्टर व्हॉट्सअॅपवर आलं. उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक, त्याखाली प्रमुख अतिथींची रांग. त्या रांगेत माझंही नाव, फोटोसह. नाव सत्ताविसावं आहे, पण ठळक आहे. साहेबांचं दुसरं. गिरजाला दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ शोधलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी ४

पिंपरटोल्याला पोचलो. मुक्काम टेकचंद गुरुजींकडे. आजचा बेत पक्का: सातला जेवण, नाटकाच्या मंचावर दहा मिनिटं हजेरी, सत्कार, साडेदहाला झोप. उद्या अकराला डेमो. प्रशिक्षकानं ताजंतवानं असलं पाहिजे, हे माझ्या एकेचाळिसाव्या स्लाइडवर आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ६

नाटक आत्ता संपलं. उशीर झाला तो माझ्यामुळे नाही. सत्कार नावाच्या क्रमानं होते. माझा नंबर दुसऱ्या अंकानंतर लागला. त्याआधी उठून जाणं म्हणजे कमिटीचा अपमान. सत्कारानंतर तिसऱ्या अंकात नायिकेच्या भावानं तिची जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली, आणि हे बघितल्यावर कोणी उठून जाऊ शकत नाही.

शिवाय हा अभ्यासच होता. हजारभर माणसं, थंडी, सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेली, रात्रभर एकही जण हलला नाही. लहान पोरंसुद्धा. हे कशामुळे होतं त्यावर एक स्लाइड करायला हवी. साहेब पहिल्या रांगेत होते. दोनदा डोळे पुसताना दिसले.

आता आंघोळ. झोप आली नाही. मी एकदम फ्रेश.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सायंकाळी

डेमोचा अहवाल, आठवेल तसा.

अकरा वाजता सगळे हजर. पोरं पूर्ण, शिक्षक पूर्ण, साहेब खुर्चीवर. सुरुवात माझ्या एकाग्रतेच्या अॅक्टिव्हिटीनं. म्हणालो, डोळे मिटा, खोल श्वास घ्या, चोरखमारा तलावाचं संथ पाणी डोळ्यांपुढे आणा. अर्ध्या मिनिटात वर्ग असा शांत झाला की माझ्या पूर्ण नोकरीत असा वर्ग बघितला नाही. अंगावर काटा आला. मग म्हणालो, आता डोळे उघडा. उघडले नाहीत. एकाग्रता खोल गेली की असं होत असावं.

पाठ सुरू केला. विषय जलचक्र. मागे बसलेल्या शिक्षकांपैकी एक सर मोठ्यानं श्वास घेत होते, म्हणजे अॅक्टिव्हिटी त्यांनीही मनापासून केली. साहेबांची हनुवटी छातीला टेकलेली. खरा अधिकारी नोंदी मनातच घेतो.

एकटी टीना टक्क जागी होती. ती आजीच्या मांडीवर पहिल्या अंकातच झोपली होती म्हणे. तिला विचारलं, समुद्रातून वाफ वर जाते, पुढे काय होते? ती म्हणाली, गुरुजी, हळू बोला ना जी, सारे झोपून राहिले. सहभागाबद्दल तिला स्टार दिला.

बाष्पीभवन संपवून सांद्रीभवनाकडे वळलो. तिथे दोन मिनिटं खुर्चीवर टेकलो. वर्गाशी समरस व्हायला मीही डोळे मिटले.

उघडले तेव्हा वर्गात कोणीच नव्हतं. बाहेर गलका. व्हरांड्यात गेलो तर दोन गुरुजी लुगड्याचा पडदा धरून उभे आणि पोरं रात्रीचं नाटक करून राहिली होती. ओमेश्वरी मॅडमनी म्हणे त्यांना उठवलं, तोंडावर पाणी मारायला लावलं आणि विचारलं, नायिका भावासमोर गप्प राहिली, तुम्ही असता तर काय बोलला असता? झालं. प्रत्येकाला बोलायचं होतं. मॅडमचा नियम, आधी लिहा मग बोला. जो पोरगा जूनमध्ये माझ्यापुढे स्वतःचं नाव लिहायला तयार नव्हता, तो पोटावर पडून पानभर लिहीत होता. एक पोरगी भावाला म्हणाली, जमीन घे, पण राखीले येऊ नको. शिक्षक टाळ्या वाजवत होते. साहेब परत डोळे पुसत होते.

मी सांगायला गेलो की हे पाठटाचणात नाही. साहेबांनी विचारलं, ये क्लास किसकी है? मी हात वर केला. कागदोपत्री माझीच आहे. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे बघितलं, आणि मॅडमचं नाव लिहून घेतलं.

डेमो यशस्वी. माझ्या वर्गाचं सगळ्यांनी कौतुक केलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑर्डर आली. ओमेश्वरी मॅडम गोंदियाला. भुपेंद्र बिसेन मूळ शाळेवर रुजू.

दोनदा वाचली. मग शांतपणे विचार केला. साहेबांना ग्राउंडवर भक्कम माणूस पाहिजे असणार. केबिनमध्ये काय, कोणीही बसेल.

आपल्याकडे पद्धतच आहे, ज्याचा वर्ग चांगला चालतो त्याला वर्गातून काढतात. हीच बढती. मॅडमचं अभिनंदन केलं. त्यांचा चेहरा पडलेला. म्हणाल्या, सर, मी साहेबांना सांगितलं, मला नाही जायचं, वर्ष अर्धं राहिलं, पोरांना सोडून कशी जाऊ. साहेब म्हणाले, म्हणूनच तर तुम्ही पाहिजे. बाई हुशार आहेत, पण संधीचं मोल नाही.

गिरजाला म्हटलं, गोंदियाच्या घराचं भावाला नाही सांग. ती म्हणाली, सांगतलंच नव्हतं. यावर मला लई राग आला. अजून आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमचा निरोप समारंभ. पोरं रडली. मी भाषणात समजावलं की मी परत येतो आहे, तेव्हा रडायचं कारण नाही. त्यानंतर जास्त रडली. मॅडमनी सगळ्यांच्या वह्या एकेक करून बघितल्या, कोणाला काय येतं, कोण कशाला घाबरतं, ते मला सांगत होत्या. मी हो हो म्हणत होतो. हॉलमध्ये माईकचा आवाज फार होता, काही ऐकू आलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

रुजू झालो. वर्ग चौथा. सोमवारपासून नवी सुरुवात, पहिला तास परिचयाचा. संकल्प: पहिल्याच दिवशी पूर्ण लक्ष, पूर्ण प्रेरणा, पूर्ण सहभाग.

परिचय सुरू केला. दोघं खिडकीबाहेर बघत होते, एक जण पेन्सिल तासत होता, तासूनच राहिला होता. मागच्या बाकावर चिमट्यावरून भांडण.

मग टीना उभी राहिली. तिनं विचारलं, गुरुजी, तुमी मोठे सर हा, तुमी साहेबाले सांगून आमच्या मॅडमले वापस आणाल का जी?

चिमटेवाले थांबले. पेन्सिल थांबली. खिडकीतले दोघं वळले. सगळी माझ्याकडे बघत होती, एकाचीही पापणी हलली नाही. पुढच्या बाकावरचा पोरगा तर उत्तर नीट ऐकू यावं म्हणून उठून जवळ आला.

असा वर्ग मला आधी कधी मिळाला नव्हता.

बघतो, म्हणालो. तास संपायला अजून अर्धा तास होता.